अर्धी वेणी

डोळा लागतो आहे असं वाटतं आणि लागत नाही. रविवारची दुपार आहे. शेजारी कुणीतरी मिरच्या कांडतं आहे आणि त्याचा खकाणा खिडकीतून आत येतो आहे. मी खाटेवर आडवी आहे. केस ओले आहेत म्हणून उशीवरून खाली मोकळे सोडले आहेत. उपासनेहून आले ती सरळ मोरीत गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं, मयतीहून आल्यावर घेतात तसं. ह्यांनी विचारलं, काय झालं, तर म्हटलं डोकं ठणकतंय. डोकं ठणकत नव्हतं. मला लाज वाटत होती, आणि लाज पाण्याने जात नाही हे एवढ्या वयाच्या बाईला कुणी सांगायला नको.

लाज वाटत होती कौसाबाईची. आमच्या गावात मिशनचा दवाखाना आहे. तिथे बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर ही म्हातारी पडून आहे. नेवाशाकडची. खुब्याचं हाड मोडलं म्हणून नाताळाच्या आधी आणली, ती अजून तिथेच. आज चर्चच्या फाटकाशी तबिथा नर्सने मला गाठलं आणि म्हणाली, म्हातारीच्या केसांचा पार लगदा झालाय, उवा पडल्यात, उद्या सकाळी डोकं भादरायचं ठरलंय. म्हातारीने रडून वॉर्ड डोक्यावर घेतलाय. मला वर बिनकेसांची धाडू नका, माझा मालक मला वळखायचा नाही, असं म्हणते. एवढं सांगून तबिथा थांबली. "दीनाताई, या ना," असं ती मागच्या वर्षी म्हणायची. यंदा म्हणाली नाही, आणि तेच मला लागलं.

माझी आई, सगुणाबाई, जन्मभर त्या वॉर्डात जात होती. ती बायबलबाई होती. वस्त्यांवर आणि दवाखान्यात बायकांमध्ये जाऊन बसायचं, त्यांचं ऐकायचं, जमलं तर प्रभूचं सांगायचं, हे तिचं काम. पण वॉर्डातल्या बायका तिला कंगवाबाई म्हणायच्या. तिच्या पिशवीत एक शिंगाचा मोठा कंगवा असायचा आणि औषधाच्या जुन्या बाटलीत खोबरेल. महिनामहिना पडून राहिलेल्या बायकांचे केस ती सोडवायची, तेल घालायची आणि शेवटी चारपेडी वेणी घालून द्यायची. हात केसात असला की तोंड गप ठेवावं, असं तिचं म्हणणं. प्रार्थना कुणी मागितली तरच करायची.

शेवटी तीही त्याच वॉर्डात येऊन पडली, त्याच खिडकीजवळच्या खाटेवर. रोज सकाळी मी तिची वेणी घालत असे, आपली साधी तीनपेडी. चारपेडी तिने शिकवायला घेतली की मी उठून पळायची, म्हणून ती मला कधी आलीच नाही. चार वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी अर्धी वेणी माझ्या हातात असताना ती गेली. मला कळलंसुद्धा नाही. मी आणखी दोन पेड घातले, काहीतरी बोललेही, आणि मग तिची मान माझ्या हातावर जड झाली. वेणी तशीच राहिली. तिला तशीच पुरली.

तेव्हापासून दर एकतीस डिसेंबरच्या उपासनेत, पाळकसाहेब साक्षीसाठी विचारतात तेव्हा मी उभी राहते आणि सगळ्या मंडळीसमोर सांगते की नव्या वर्षी आईचं काम मी पुढे चालवीन. मंडळी आमेन म्हणते. जानेवारीत मी पिशवी घेऊन निघते. वॉर्डाच्या दारापासून सुरुवात करते. पहिली खाट, मग तिच्या शेजारची, असं करत करत खिडकीकडे सरकत येते. मग एखाद्या रविवारी ह्यांना ताप असतो, एखाद्या रविवारी पाहुणे येतात, आणि ये रे माझ्या मागल्या. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते माझ्याच बाबतीत कुणीतरी म्हटलं असावं.

यंदा कौसाबाईने तिकडून हाक मारून विचारलं होतं, "बाई, माही पाळी कवा?" मी म्हटलं, पुढच्या रविवारी, मावशी. त्या गोष्टीला महिना होऊन गेला. पिशवी दारामागच्या खिळ्याला टांगलेली आहे. आज चर्चमध्ये डोळे मिटून मी प्रभूला सांगून टाकलं की येत्या डिसेंबरात मी काही उभी राहणार नाही. दर वर्षी त्याच्यासमोर खोटं पडण्यापेक्षा पिशवी कुणाला तरी देऊन टाकलेली बरी. असं सांगितल्यावर मोकळं वाटेल अशी समजूत होती. तसं काही वाटलं नाही.

कांडण थांबतं. कुणीतरी माझे केस उचलतं.

ओल्या केसांचा भार मानेवरून जातो. आधी वाटतं, हे असतील. पण इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना माझ्या केसांची आठवण झाली ती फक्त जेवणात एखादा सापडला तेव्हा. मग कंगवा टेकतो, अगदी खाली, टोकांशी, आणि मी ओळखते.

"मान सरळ," आई म्हणते.

मी मान सरळ करते. मागे वळून बघायचं नाही हे मला माहीत आहे. कसं माहीत आहे ते सांगता येत नाही. लहानपणी वळलं की कंगव्याची एक पाठीत बसायची, कदाचित तेवढ्यामुळेच. तिचे गुडघे माझ्या दोन्ही खांद्यांना टेकलेले आहेत. मी खाटेवर निजले होते ती आता खाली बसले आहे. फरशी गार आहे आणि ती आमच्या घरातली नाही. मिशन चाळीतल्या नळाजवळची फरशी आहे ही, कोपरा फुटलेली. रविवारच्या शब्बाथशाळेची पहिली घंटा होते आहे. चाळीतल्या सगळ्या पोरी पुढे गेल्या आहेत आणि माझीच वेणी राहिली आहे. माझी पन्नाशी उलटली आहे आणि माझ्या पायांत पांढरे मोजे आहेत.

उशीर होतोय, असं मी म्हणते. होऊ दे, गुंता आहे, असं ती म्हणते. खोबरेलाचा वास येतो. तिची बोटं पूर्वीसारखी चालतात, घाई नाही आणि थांबणंही नाही. मी विचारते, कंबर दुखते का अजून. ती म्हणते, नाही दुखत, आता काहीच दुखत नाही. इतक्या साध्या आवाजात ती हे सांगते की मला विश्वास ठेवावा लागतो. नळाचं पाणी वाहतं आहे, पण त्याचा आवाज येत नाही.

दुसरी घंटा होते आणि आम्ही चर्चमध्ये आहोत. मी पुढच्या बाकावर, आई मागच्या बाकावर, केस तिच्या हातात. वर्षअखेरची उपासना आहे. खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या आहेत, पण बाहेर भर दुपारचं ऊन आहे. साक्ष कुणाला द्यायची आहे, असा आवाज येतो. मी सवयीने उठायला जाते. आई केस सोडत नाही. ते ताणले जातात आणि मी धड उभी नाही, धड बसलेली नाही अशी मध्येच राहते. तशीच मी सांगायला लागते, की प्रिय मंडळी, येत्या वर्षी मी ठरवलं आहे. मंडळीकडे बघते तर बाकं नाहीत. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटांची रांग आहे, पांढऱ्या चादरी आहेत, आणि एकेका खाटेवर एकेक बाई पडलेली आहे. सगळ्यांचे केस खाटेवरून खाली फरशीपर्यंत आले आहेत. कुणी आमेन म्हणत नाही. कुणीतरी खोकतं.

"बस खाली," आई म्हणते. "किती वेळा तेच."

"दर वर्षी म्हणते."

"आणि प्रभू काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही."

"मग तूच का बोलतेस सारखी?"

मला हसू येतं आणि त्यातच रडू फुटतं. मी बसते. तिला सांगते की मला जमत नाही. आधी जमेल असं वाटतं, मग जमत नाही, मग लोकांची नजर चुकवत चर्चमध्ये बसावं लागतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुझ्या नावाने सांगितलेलं मोडतं. कुणाला सांगितलं नसतं तर निदान गुपचूप तरी मोडलं असतं. मी हे सगळं खूप वेळ सांगते. ती मधे बोलत नाही. हात केसात आहे ना.

मग ती विचारते, गुंता झालेले केस कुठून विंचरायचे.

हे मला येतं. टोकाकडून. गाठ असेल तिच्या जरा खालून धरायचं.

"आणि मुळापासून ओढलं तर?"

"गाठ आणखी घट्ट बसते. केस तुटतात. बाई रडते."

"मग तू वॉर्ड दारापासून का धरतेस?"

मी म्हणते, पहिली खाट तिथेच तर आहे. सुरुवात पहिल्यापासूनच करायची असते. नवीन वर्षसुद्धा पहिल्या तारखेपासूनच लागतं.

आईचे हात थांबतात. लहानपणी पाढा चुकला की असेच थांबायचे.

"तुझी गाठ दारात आहे का, दीना?"

ती मला उठवते. आम्ही रांगेतून चालायला लागतो, मी पुढे आणि ती मागे, वेणी तिच्या हातात. वॉर्ड एवढा लांब कधीच नव्हता. चालता चालता पायाखाली फरशी संपते आणि माती लागते. दोन्ही बाजूंच्या चादरी पांढऱ्या आहेत तशाच राहतात, पण त्या चादरी नाहीत. ती आमची दफनभूमी आहे, ईस्टरला कबरींना चुना लावतात तेव्हासारखी. उन्हात डोळे दिपतात. मला आईची कबर ठाऊक आहे, कडुनिंबाच्या अलीकडची. मी पाय रोवते. पुढे नको, म्हणते.

आई रागावत नाही. मागून, माझ्या कानाशी, ती मला एक गोष्ट आठवते का म्हणून विचारते. शब्बाथशाळेत तिनेच सांगितलेली. तो कोळी शिष्य. प्रभूला धरून नेलं त्या थंडीच्या वेळी तो अंगणात शेकोटीपाशी हात शेकत उभा होता आणि लोकांना म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. मग कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन रडला. त्यानेही सगळ्यांसमोर सांगून ठेवलेलं होतं, की बाकीचे सोडतील पण मी सोडणार नाही.

"पुढं प्रभूनं त्याला किनाऱ्यावर बोलावलं. तिथं काय पेटवून ठेवलं होतं?"

"शेकोटी," मी म्हणते.

"व्हय. जिथं चुकला त्याच धुराच्या वासात आणून बसवला. आधी जेवू घातलं. का असं केलंस म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. मग काम सांगितलं."

मला तो वास येतो. निखाऱ्यावर भाजलेल्या माशांचा, आणि त्यात खोबरेलाचा. माती जाते आणि परत फरशी येते. कडुनिंब नाही. खिडकी आहे. खिडकीखाली ती खाट आहे आणि खाटेवर कुणीतरी पलीकडे तोंड करून निजलेलं आहे. केस उशीवर पसरलेले आहेत. ती कौसाबाई आहे की आई, हे मला मागून ओळखू येत नाही. आईचे हात तर माझ्या डोक्यावर आहेत. तरीही मला ओळखू येत नाही.

चार वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते मी तिथे सांगते.

"आई, तुझी वेणी अर्धी राहिली. तू गेलीस ते मला कळलं नाही. मी आपली घालतच राहिले."

"मला कळत होतं," ती म्हणते. "दोन पेड जास्तीचे मिळाले मला."

"पण अर्धीच घेऊन गेलीस."

"अर्धीच नेली. तिकडं डोक्यावरचा केस न् केस मोजलेला असतो. वेणी पुरी का अर्धी, ते कुणी तपासत नाही."

मी इतकी रडते की मोज्यांवर थेंब पडलेले दिसतात. ती रडू देते. रडणाऱ्या बाईला गप कर म्हणायचं नाही, हीही तिची एक शिस्त होती. तिची बोटं चालू आहेत. एक पेड वरून, एक खालून, मध्ये दोन. मला ते बघता येत नाही, पण मानेवर जाणवतं.

बऱ्याच वेळाने मी विचारते, उशीर झाला का. उद्या सकाळी भादरणार आहेत.

आज काय वार आहे, ती विचारते. रविवार, मी सांगते. मग जाऊन बस तिच्यापाशी, ती म्हणते, जसं काही दुकानातून साखर आणायला सांगते आहे.

"आणि परत सुटलं तर? पुढच्या रविवारी नाही गेले तर?"

"सुटेल की. तुझा स्वभाव मला माहीत नाही का? सुटलं तर डिसेंबरची वाट बघू नको. उभी राहून सांगू पण नको. जिथं सुटलं तिथून धर."

"किती वेळा धरायचं?"

आई हसते. तिचं हसणं मी विसरले होते. जिवंत असताना ते ऐकलं होतं तेव्हा जपून ठेवायला हवं होतं, असं वाटतं.

"केस रोजच गुंततात, दीना. म्हणून कुणी डोकं भादरून घेत नाही."

तिसरी घंटा होते. ही शब्बाथशाळेची नाही, चर्चची नाही. माझ्या मानेवरचे हात थांबतात. आता ती सोडणार हे मला कळतं, तेव्हा कळलं नव्हतं ते आता आधी कळतं. मी म्हणते, थांब, अजून निम्मी आहे. ती केसांची टोकं माझ्या खांद्यावरून पुढे टाकते, माझ्या हातात देते.

"पुढची तू घाल."

मी वळते. वळायचं नसतं हे माहीत असून वळते. खाटेवर कुणी नाही. उशीला खोलगट जागा पडली आहे आणि खिडकीतून ऊन येतं आहे.

ऊन माझ्या तोंडावर आहे. मी आमच्या घरात आहे, माझ्या खाटेवर. दवाखान्याची चारची घंटा नुकतीच थांबली आहे. भेटीची वेळ सुरू होते तेव्हा ती देतात. शेजारी परत मिरच्या कांडायला घेतल्या आहेत. उशी ओली आहे, केसांनी की कशाने ते माहीत नाही. मी तशीच पडून राहते, कारण उठलं की ती गेली हे पुन्हा एकदा खरं होणार.

मग हात मानेकडे जातो.

केस मोकळे नाहीत. मानेपासून खांद्यापर्यंत वेणी आहे, घट्ट आणि सपाट, आणि खांद्याखाली केस सुटे आहेत. मी बोटांनी चाचपते. एक, दोन, तीन, चार. परत चाचपते. चार पेड आहेत.

बाहेरच्या खोलीत हे खुर्चीतच झोपले आहेत, पेपर छातीवर. ह्यांना स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नाही. घरात दुसरं कुणी नाही. मी आरशासमोर जाऊन उभी राहते. वेणी पुढे ओढून घेते आणि किती वेळ नुसती धरून राहते. त्या सकाळी अशीच एक माझ्या हातात होती. मग चारातले दोन पेड एकत्र करते, तीन होतात, आणि मला येते तशी खालपर्यंत घालत जाते. वरच्यापेक्षा ती सैल होते. टोकाला रबर लावते.

खुर्चीतून आवाज येतो. हे जागे झाले आहेत आणि चष्मा लावून माझ्याकडे बघत आहेत.

"अगं, वेणी वर एक आणि खाली एक दिसतेय. सोडून पहिल्यापासून घाल की."

"नको," मी म्हणते, आणि दारामागच्या खिळ्यावरून पिशवी काढते.